विणकरांच्या पायवाटा

इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्कशायर आणि लँकेशायर या दोन परगण्यांच्या सीमेवर पेनाइन नावाची डोंगररांग पसरलेली आहे. तिच्या पूर्व उतारावर, हेब्डन ब्रिज या लहानशा शहराच्या माथ्यावर, हेप्टनस्टॉल हे जुने गाव वसले आहे. दोन ओढ्यांच्या खोल दऱ्यांमध्ये उभ्या राहिलेल्या एका सोंडेवर ही वस्ती आहे. एका बाजूस कोल्डन, दुसऱ्या बाजूस हेब्डन. काळवंडलेल्या दगडांची घरे, अरुंद गल्ल्या, आणि गावाबाहेर पाऊल टाकताच चहूकडे फुटणाऱ्या पायवाटा. या वाटांसाठीच येथे यावे.

गाव इतक्या उंचावर का, असा प्रश्न नवख्या प्रवाशास पडतो. पूर्वी दरीचा तळ दलदलीचा व गर्द झाडीचा होता, म्हणून लोक वरच्या पठारावर राहत आणि रहदारीही वरूनच चाले. जमीन हलकी, पाऊस फार. नुसत्या शेतीवर पोट भरणे अशक्य. त्यामुळे घरोघरी लोकर पिंजणे, सूत कातणे व माग चालविणे हाच आधार झाला. १५५५ साली हॅलिफॅक्स भागासाठी इंग्लंडच्या पार्लमेंटने केलेल्या एका कायद्यात येथील गरिबांचे वर्णन आले आहे. घोडा पाळण्याची ऐपत नसल्याने ते कैक मैल चालत जाऊन लोकर विकत घेत आणि डोक्यावर किंवा पाठीवर वाहून घरी आणीत. पाऊलवाटांचा हा जो दाट विणलेला जाळीदार पट आज दिसतो, तो या ओझ्याखाली वाकलेल्या माणसांनी घातलेला आहे.

हेब्डन ब्रिजमधील जुना दगडी पूल १५१० च्या सुमाराचा. त्याच्यापासून ‘बट्रेस’ नावाची चिरेबंदी चढण थेट हेप्टनस्टॉलकडे जाते. चढ असा उभा की बोलता बोलता माणूस आपोआप गप्प होतो. एकामागून एक चालणारी, दोन्ही अंगांस कापडाची ठाणे लादलेली तट्टे याच वाटेने ये-जा करीत. वर पोहोचल्यावर घरांच्या माडीवर ओळीने लावलेल्या लांबट खिडक्या नजरेस पडतात. त्या शोभेसाठी नव्हेत. ढगाळ प्रदेशात मागावर जितका उजेड पडेल तितका थोडाच, म्हणून भिंतीचा बहुतेक भाग काचेस दिलेला. घरांच्या नक्षीकामापेक्षा मला या खिडक्या अधिक बोलक्या वाटतात.

गावात एकाच आवारात दोन चर्चे उभी आहेत. तेराव्या शतकात स्थापन झालेले जुने चर्च १८४७ च्या वादळात खिळखिळे झाले. ते न पाडता शेजारीच नवे बांधले गेले. भग्न कमानींखाली जमिनीवर थडग्यांच्या शिळा फरशीसारख्या पसरल्या आहेत. त्यांपैकी एक डेव्हिड हार्टली याची. सोन्याच्या नाण्यांच्या कडा कातरून खोटी नाणी पाडणाऱ्या टोळीचा हा म्होरक्या १७७० साली यॉर्क येथे फासावर गेला. गंमत अशी, की पाहुणे आजही त्याच्या शिळेवर नाणी ठेवून जातात! रस्त्यापलीकडील नव्या दफनभूमीत अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथ हिची १९६३ सालची समाधी आहे. जवळच मेथॉडिस्ट पंथाचे १७६४ चे अष्टकोनी प्रार्थनामंदिर आहे. त्याचे छप्पर रॉदरहॅम येथे तयार करून डोंगरावरून घोड्यांच्या पाठीवर आणले, असे सांगतात.

गावाच्या पश्चिमेस गेले की कोल्डन ओढ्याची दरी लागते. येथील चाल सर्वांत रम्य. कुरणांमधून रुंद, सपाट दगडांची एकेरी रांग गेलेली असते. शतकानुशतकांच्या वर्दळीने दगडांच्या मध्यभागी खळगे पडले आहेत आणि पावसानंतर त्यांत आकाश साठून राहते. आडव्या आलेल्या भिंतींना ओलांडण्यासाठी दगडी पायऱ्या. खाली ओढ्यावर लांबच लांब शिळा टाकून केलेला साधा पूल आहे. तेथे पेनाइन वे हा १९६५ साली खुला झालेला, सुमारे २६८ मैलांचा पदयात्रामार्ग ही दरी ओलांडतो.

ही कुरणे खाजगी मालकीची आहेत, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. तरीही पिवळ्या बाणाची खूण असलेल्या वाटेवरून कोणीही, कोणाची परवानगी न मागता, चालू शकतो. वाट मोकळी ठेवणे मालकास बंधनकारक आहे. वीस वर्षे लोक एखाद्या वाटेने उघडपणे, कोणास न विचारता जात राहिले, तर ती सार्वजनिक झाली असे कायदा सामान्यतः मानतो. परंतु उघड्या माळांवर मनसोक्त फिरण्याचा हक्क मात्र झगडूनच मिळवावा लागला. याच डोंगररांगेच्या दक्षिणेस किंडर स्काउट नावाचे पठार आहे. तेथे शिकारीसाठी राखलेल्या माळावर २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण कामगार हक्काने शिरले. त्यांतील पाच जणांना तुरुंगवास घडला. पुढे १९४९ च्या कायद्याने पायवाटांच्या अधिकृत नकाशांची तरतूद केली, आणि २००० च्या कायद्याने माळांचा मोठा भाग पायी हिंडणाऱ्यांस खुला झाला.

त्याच २००० च्या कायद्यात एक खोच होती. ज्या जुन्या वाटा २०२६ पर्यंत नकाशावर नोंदल्या जाणार नाहीत, त्यांवरील हक्क संपावयाचा होता. मग पायी फिरणाऱ्यांच्या संस्थांचे स्वयंसेवक दप्तरखान्यांत बसून जुने नकाशे व दस्तऐवज चाळू लागले. मुदत नंतर २०३१ पर्यंत लांबली. आणि डिसेंबर २०२४ मध्ये ही अटच काढून टाकण्याचा इरादा सरकारने जाहीर केला. ज्या वाटेने विणकर लोकर वाहून नेई, तिच्यासाठी त्याने कागद कोठून करून ठेवावा?

हेप्टनस्टॉलचे मागही पुढे थांबले. पाण्यावर चालणारे कारखाने दरीत आले, मग कालवा, १८४० नंतर रेल्वे; व्यापार खाली उतरला आणि वरचे गाव जसेच्या तसे राहिले. हातमागाची ही कहाणी आपल्याकडील वाचकांस अपरिचित वाटणार नाही. तिचा दुसरा अंक पाहावयाचा तर गावाच्या उत्तरेकडील उतार उतरून हार्डकॅसल क्रॅग्जच्या वनात शिरावे. ओक व बीच वृक्षांखाली हेब्डनच्या काठी १८०० च्या सुमारास उभारलेली गिब्सन मिल ही सुती कापडाची गिरणी आहे. १८३३ साली येथील मजूर आठवड्यास सरासरी ७२ तास राबत. गिरणी बंद पडल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी तीच इमारत नृत्यशाळा, उपाहारगृह आणि चाकांच्या बुटांवर घसरण्याचे क्रीडागृह बनली. सुट्टीच्या दिवशी गिरणीकामगारांची कुटुंबे तळ्यात नौका फिरवीत. आता ती नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे.

लहान मुले बरोबर असतील तर त्यांना तेथील केसाळ रानमुंग्यांची वारुळे दाखवावी. पाइनच्या सुया रचून केलेले ते ढीग गुडघ्याएवढे उंच होतात. गिरणीजवळ प्रवाहात मोठमोठे दगड मांडलेले आहेत. त्यांवरून पाय देत पलीकडे जावे आणि नदीची संगत न सोडता तासा-दीड तासात हेब्डन ब्रिज गाठावे. लीड्स व मँचेस्टरच्या आगगाड्या तेथे थांबतात.