व्यवसायातील उत्साह आणि वैद्याचे सत्त्व

वैद्यकी करणाऱ्यास दोन प्रकारचा थकवा येतो. एक शरीराचा. पावसाळ्यात ज्वर-अतिसाराची साथ आली की सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत पाठ टेकायला मिळत नाही. पण त्या श्रमावर एका रात्रीची शांत झोप पुरते. दुसरा थकवा झोपेने जात नाही. चिकित्सालयाचे कुलूप उघडताना हात जड होतो, रुग्णाची नाडी हाती असताना मन भलतीकडे असते आणि विद्यार्थिदशेत ज्या ग्रंथांवर प्रेम केले, ते कपाटात महिनोन्‌महिने तसेच राहतात. संघटनेच्या बैठकीत चहाच्या वेळी समव्यावसायिक बहुधा या दुसऱ्या थकव्याविषयीच बोलत असतात. कारणे सांगितली जातात ती वाढत्या स्पर्धेची, महागाईची आणि रुग्णांच्या अधीरतेची. ही कारणे खोटी नाहीत. परंतु आमच्या बाबतीत मूळ कारण निराळे निघाले. ते सांगताना संकोच होतो. तथापि अनेक वैद्यबंधू-भगिनी आणि औषधनिर्माते याच वाटेवर कोठेतरी उभे असतील, असे वाटल्याने येथे मांडीत आहोत.

आमची चूक

आम्ही २००३ साली बी.ए.एम.एस. झालो आणि २००५ साली तालुक्याच्या गावी चिकित्सालय थाटले. पहिली पाच-सहा वर्षे औषधे स्वतः कुटली, चूर्णे वस्त्रगाळ केली, काढ्याची भरड घरी केली. मिळकत बेताची होती. जागेचे भाडे, बँकेचे कर्ज आणि धाकट्या भावाचे शिक्षण यांची तोंडमिळवणी करता करता महिना संपत असे.

२०११ साली एक विक्रेता संधिवातावरील चूर्ण घेऊन आला. माल सुटा, प्लास्टिकच्या पिशवीत, किलोच्या भावाने. पिशवीवर योगाचे नाव होते, घटकद्रव्यांची यादी नव्हती. विचारले तर 'गुप्त योग आहे' असे उत्तर मिळाले. तीन दिवसांत गुण येतो, असे त्याने सांगितले आणि खरोखरच गुण आला. रास्ना-गुग्गुळाच्या कल्पांनी सहा-सहा आठवडे न हलणारी सूज तीन दिवसांत उतरू लागली. आसपासच्या खेड्यांतून रुग्णांची रीघ लागली. हे कशामुळे घडते, हा प्रश्न कोणाही पदवीधर वैद्यास पडलाच पाहिजे. तो आम्हांसही पडला होता. आम्ही तो पुढे विचारला नाही, इतकेच.

त्या वर्षी आमचे उत्पन्न जवळपास दुप्पट झाले आणि त्याच वर्षी आमचा उत्साह मावळला. त्या वेळी या दोन गोष्टींचा संबंध ध्यानात आला नाही.

२०१२ च्या पावसाळ्यात भाताच्या लावणीमुळे एका वृद्ध शेतमजूर आजींना तीन आठवडे औषध न्यायला येता आले नाही. वर्षभर चाललेल्या पुड्या एकाएकी बंद पडल्या. ओकाऱ्या सुरू झाल्या, अंगातले त्राण गेले, रक्तदाब घसरला. त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल करावे लागले. तेथील डॉक्टरांनी आम्हांस दूरध्वनी केला आणि एवढेच विचारले, "यांना स्टेरॉइड किती दिवसांपासून चालू आहे?" आम्हांस उत्तर देता आले नाही.

सुदैवाने आजी वाचल्या. आम्ही भेटीस गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, पुड्या संपल्या म्हणून हे झालं. आता दोन महिन्यांच्या एकदमच देऊन ठेवा." त्या माउलीने रागाचा एक शब्द उच्चारला असता, तर आम्हांस सोपे गेले असते.

चूर्णाचा नमुना प्रयोगशाळेत पाठविला. अहवालात डेक्सामेथासोन आढळले. अहवालाची प्रत अन्न व औषध प्रशासनाकडे दिली आणि नोंदवही काढून बसलो. ते चूर्ण घेणाऱ्या ४३ जणांची नावे निघाली. एकेकास बोलावून खरे काय ते सांगितले आणि एका एम.डी. स्नेह्यांच्या देखरेखीखाली त्यांचे स्टेरॉइड टप्प्याटप्प्याने उतरविण्याची व्यवस्था केली. चाळीस जण भेटले. तिघांचा ठावठिकाणा शेवटपर्यंत लागला नाही. त्यांची नावे आजही आमच्या टेबलाच्या खणात आहेत.

प्रज्ञापराध रुग्णाचाच असतो काय?

धी, धृती आणि स्मृती यांचा भ्रंश झाला की मनुष्य प्रज्ञापराध करतो, हे आपण सर्वांनी चरकसंहितेच्या शारीरस्थानात अभ्यासले आहे. अपथ्य करणाऱ्या रुग्णास आपण ते नित्य ऐकवितो. वैद्याच्या वर्तनास ते लावून पाहण्याचा प्रसंग मात्र क्वचितच येतो. आमची धी शाबूत होती. चूर्णात काहीतरी आहे, हे कळत होते. धृती ढळली होती, कारण कर्जाचा हप्ता समोर होता. आणि स्मृती हरपली होती. आपण या मार्गास कशासाठी आलो, याचेच विस्मरण झाले होते. ज्यास आपण व्यवसायातील कंटाळा म्हणत होतो, तो प्रज्ञापराधाचाच परिणाम होता. मनास जे योग्य वाटते त्याच्या विरुद्ध हात रोज काम करीत असतील, तर त्या कामात उत्साह कोठून येणार?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मूल्ये जपणे म्हणजे दारिद्र्य पत्करणे, असे आपले शास्त्र सांगत नाही. सूत्रस्थानातील तिस्रैषणीय अध्यायात प्राणैषणेनंतर धनैषणेस दुसरे स्थान आहे. उपजीविकेची साधने मिळविणे हे तेथे कर्तव्यच मानले आहे. प्रश्न क्रमाचा आहे. आमच्या हातून क्रम उलटला होता. आमचे धन आधी आले आणि दुसऱ्याचे प्राण मागे पडले. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात आचार्य शिष्यास जो उपदेश करतात, त्यातही उपजीविकेच्या निमित्ताने रुग्णाचा द्रोह न करण्याची आज्ञा आहे. ती आज्ञा आम्ही परीक्षेसाठी पाठ केली होती.

पुडीवर नाव

त्यानंतर आम्ही स्वतःसाठी एकच नियम केला. आमच्या चिकित्सालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पुडीवर, प्रत्येक बाटलीवर औषधाचे नाव, घटकद्रव्ये, मात्रा आणि तयार केल्याची तारीख लिहिलेली असेल. ज्याचे घटक आम्हांस लिहिता येत नाहीत, ते औषध आम्ही देणार नाही.

नियम साधा दिसतो. पण कायद्याकडे पाहिले म्हणजे त्याचे मोल कळते. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आयुर्वेदीय औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. विक्रीसाठी औषध बनविणाऱ्यास परवाना घ्यावा लागतो आणि वेष्टनावर घटकद्रव्यांची खरी यादी छापावी लागते. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविणाऱ्या वैद्यास मात्र परवान्याच्या अटीतून सूट आहे. ही सूट वैद्यावर टाकलेला विश्वास आहे, अशी आमची समजूत आहे. ज्या पुडीपर्यंत निरीक्षकाची दृष्टी सहसा पोहोचत नाही, त्या पुडीत काय आहे हे केवळ वैद्याच्या सत्त्वावर अवलंबून राहते.

नियमाची किंमत मोजावी लागली. पहिल्या सहा महिन्यांत निम्मे रुग्ण गेले. 'पूर्वीची पुडी द्या' म्हणून काही जण भांडून गेले. 'नावे लिहून दिलीत तर लोक दुकानातून परस्पर घेतील,' असे एका ज्येष्ठ समव्यावसायिकांनी बजावले. तेही काही अंशी खरे ठरले. कर्ज फेडण्यास ठरल्यापेक्षा दोन वर्षे अधिक लागली. परंतु तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच एक बदल जाणवला. घटकद्रव्ये लिहिताना प्रत्येक द्रव्याचा विचार करावा लागे: हेच का, याच मात्रेत का, या ऋतूत का? पुन्हा निघंटू उघडावे लागले. चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते, हे शार्ङ्गधरांचे मत आपल्यास ठाऊक असते. तारीख लिहू लागल्यावर ते पाळावेही लागले. थोडे थोडे, ताजे कुटणे पुन्हा सुरू झाले. खलबत्त्याच्या आवाजाबरोबर जुना उत्साह घरी परतला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

औषधनिर्मात्यांविषयी

औषधनिर्मात्यांची परीक्षा याहून कठीण असते. आमचे एक स्नेही छोटी औषधनिर्माणशाळा चालवितात. अशोकारिष्टासाठी मागविलेल्या सालीत त्यांना संशय आला. परीक्षणात ती खऱ्या अशोकाची नसून रस्त्याकडेला लावतात त्या उंच, लांब पानांच्या आसुपालवाची निघाली. ही भेसळ बाजारात नवी नाही. नागकेशराच्या नावाने सुरंगीच्या कळ्या येतात, हेही आपल्याकडील व्यापारात सर्वांना ठाऊक आहे. स्नेह्यांनी पोती परत केली. खरी साल मिळेपर्यंत हंगामातील मोठी मागणी हातची गेली. तोटा किती झाला, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "तोटा हिशोबाच्या वहीत आहे. पण ती साल उकळली असती, तर अर्क काढणाऱ्या पोरांच्या डोळ्यांकडे मला बघता आलं नसतं. ती साल त्यांनीच ओळखली होती."

या उत्तरात एक व्यावहारिक सत्य दडले आहे. मालकाची मूल्ये कामगारांना शब्दांनी कळत नाहीत. कोणते पोते परत गेले, यावरून कळतात. ज्या शाळेत पोती परत जातात, तेथे साल निवडणारा कामगारही डोळे उघडे ठेवून निवडतो.

नित्य आचरण

ही प्रेरणा टिकवावी कशी? सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्याची चतुर्विध वृत्ती सांगितली आहे. आम्ही तिचा उपयोग दिवसाच्या हिशोबासारखा करतो. चिकित्सालय बंद करण्यापूर्वी वहीत चार ओळी लिहितो.

मैत्री: आज कोणाचे पूर्ण ऐकून घेतले आणि कोणाचे बोलणे मध्येच तोडले?

कारुण्य: कोणाकडून पैसे घ्यायला नको होते आणि तरी घेतले?

शक्ये प्रीती: जो साध्य होता, त्याच्यासाठी पुरेसा विचार केला काय, की सवयीने मागील औषधच पुन्हा लिहिले?

उपेक्षा: जे आपल्या हाताबाहेर होते, ते मान्य करून रुग्णास योग्य ठिकाणी वेळेवर पाठविले काय?

चौथ्या प्रश्नाविषयी विशेष सांगावेसे वाटते. उपेक्षा म्हणजे टाकून देणे नव्हे. असाध्यास साध्य म्हणण्याचा मोह सोडणे, हा तिचा चिकित्सालयातील अर्थ होय. आपल्यापैकी अनेकांचा थकवा या मोहातून आलेला असतो. सर्व काही बरे करण्याचे वचन देणारा वैद्य रोज संध्याकाळी हरलेला घरी जातो आणि मग त्यास गुप्त चूर्णांची गरज भासू लागते.

वही लिहिण्यास पाच मिनिटे लागतात. बहुतेक दिवशी उत्तरे समाधानकारक नसतात. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी काय निराळे करावयाचे, हे त्यातून कळते, आणि कुलूप उघडताना मनात काही हेतू असतो.

त्या आजी पुढे सात वर्षे आमच्याकडे येत राहिल्या. सांध्यांची वेदना पूर्ण गेली नाही. तसे त्यांना स्पष्ट सांगितले होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. तरीही दर वेळी पुडी हाती घेतल्यावर, 'काय लिवलंय ते वाचून दाखवा,' असे त्या म्हणत आणि आम्ही सुंठीपासून एकेक नाव वाचून दाखवीत असू. आमच्या व्यवसायातील ती सर्वांत कठोर आणि सर्वांत हितकर तपासणी होती. वाचकांनी आपापल्या चिकित्सालयात, आपापल्या निर्माणशाळेत अशी एखादी तपासणी स्वतःहून लावून घ्यावी, एवढीच विनंती करून हा लेख पूर्ण करतो.