तिघांचे संगीत: क्लॅरिनेट, हॉर्न आणि पियानो

गोमंतकात पाश्चात्य संगीताचे शिक्षण प्रथम चर्चच्या छायेत वाढले. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी येथील पॅरिश शाळांतून मुले अक्षरओळखीबरोबर स्वरलेखन आणि व्हायोलिनही शिकली. पेडणे आणि डिचोली हे महाल मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज सत्तेखाली आले. तेथील कान देवळातील सनई-चौघडा, भजन आणि दशावतारी नाटकातील पेटी यांवर घडला. अशा श्रोत्यांपुढे क्लॅरिनेट, हॉर्न आणि पियानो घेऊन तीन वादक बसले, तर त्यांनी काय वाजवावे?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. ज्याला चेंबर म्युझिक म्हणतात त्या संगीतात प्रत्येक भागाला एकच वादक असतो आणि हातवारे करून सांभाळून घेणारा संचालक नसतो. भजनाच्या मेळ्यात एखादा टाळकरी गैरहजर राहिला तरी भजन अडत नाही. येथे एक जण खचला की संगीतच थांबते. निवड चुकली तर हॉर्नवादक थकतो, श्रोता ‘हे आपल्यासाठी नव्हे’ म्हणून उठतो, आणि मोठ्या कष्टाने जमलेली त्रयी एका कार्यक्रमानंतर मोडते.

या तीन वाद्यांसाठीच लिहिलेल्या रचना थोड्या आहेत. त्यांत अग्रस्थान कार्ल रायनेके यांच्या २७४व्या क्रमांकाच्या त्रयीला द्यावे लागेल. लाइपझिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदाचे संचालकपद १८६० ते १८९५ पर्यंत सांभाळलेल्या या संगीतकाराने वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, १९०५च्या सुमारास, ती रचली. तिचे चार भाग असून दुसऱ्या संथ भागाला त्यांनी ‘परीकथा’ असे नाव दिले आहे. तीनही वाद्यांचा स्वभाव ओळखून लिहिलेली ही रचना आहे. म्हणून नव्या त्रयीने प्रारंभ येथूनच करावा. तथापि सारी रचना पहिल्याच बैठकीत वाजविण्याचा हट्ट नको. अंथरूण पाहून पाय पसरावेत.

यापुढे गेले की दुसऱ्या वाद्यांसाठी लिहिलेल्या रचनांकडे वळावे लागते, आणि येथेच सावधगिरी हवी. ब्राह्म्स यांची १८६५ची हॉर्न त्रयी थोर आहे; परंतु तीत हॉर्नचा जोडीदार व्हायोलिन आहे. व्हायोलिनला एकाच वेळी दोन तारा छेडता येतात आणि गजाला श्वास घ्यावा लागत नाही. क्लॅरिनेटला या दोन्ही गोष्टी शक्य नाहीत. मोझार्ट यांच्या १७८६च्या त्रयीत क्लॅरिनेट व पियानो आहेत, पण तिसरे वाद्य व्हायोला आहे. त्याच्या मिन्युएटमधील द्रुत त्रिस्वरी लडी हॉर्नच्या ओठांना पेलणे कठीण. मेंडेल्सझोन यांच्या दोन रचनांच्या शीर्षकांत ‘बासेट हॉर्न’ असे नाव दिसते. ते पाहून फसू नये. बासेट हॉर्न हे पितळी वाद्य नसून खर्जातील क्लॅरिनेटच आहे.

याउलट माक्स ब्रूख यांच्या १९१०च्या आठ लघुरचनांतील काही संथ रचना थोड्या फेरफाराने उपयोगी पडतात. त्याही मुळात क्लॅरिनेट, व्हायोला आणि पियानो यांच्यासाठी आहेत. पण सहाव्या ‘रात्रगीता’सारख्या रचनेतील दीर्घ स्वर हॉर्नच्या मुखी शोभतात. शिवाय या आठही रचना सलग वाजविण्याची आवश्यकता नाही. एकेकटी वाजविली तरी ती पूर्ण वाटते.

उरतो स्वतः बांधणी करण्याचा मार्ग. तो कमी प्रतीचा समजू नये. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांसारख्या गोमंतकीय संगीतकारांनी समोर बसलेले वादक पाहूनच स्वरलिपी लिहिल्या. मांडो हा गीतप्रकार यासाठी सोयीचा आहे. तो मुळातच दोन आवाजांत, स्वरांचे अंतर राखून गातात. वरचा आवाज क्लॅरिनेटला आणि खालचा हॉर्नला द्यावा, पियानोने ठेका धरावा. एखाद्या अभंगाची चालही अशीच बांधता येईल. मात्र तेथे पियानोने स्वरांची गर्दी करू नये. षड्ज-पंचमाचा आधार पुरतो.

बांधणी करताना पट्टीचा विचार आधी करावा. प्रचारातील क्लॅरिनेटचा लिखित ‘सा’ पेटीच्या काळी पाचचा, तर हॉर्नचा पांढरी चारचा उमटतो. म्हणून काळी पाच, काळी दोन किंवा पांढरी चार या पट्ट्यांत बोटे मोकळी राहतात. रायनेके यांची त्रयीही काळी पाचलाच आहे, हा योगायोग नव्हे.

पावसाळ्यात आणखी एक अडचण उभी राहते. दमट हवेत पियानोचा ध्वनिफलक फुगतो आणि स्वर चढतो. पियानो ऐनवेळी बदलता येत नाही. इतर दोघांनीच त्याच्याशी जुळवून घ्यावयाचे असते. हॉर्नचे मुख मागे वळलेले असल्यामुळे त्याच्या पाठीशी अगदी जवळ भिंत असू नये. नाहीतर क्लॅरिनेट झाकले जाते.

यावरून पहिल्या कार्यक्रमाचा क्रम सहज ठरतो. प्रारंभी ‘परीकथा’, मग ब्रूख यांची एक संथ रचना. त्यानंतर हॉर्नवादकाच्या ओठांना विसावा म्हणून क्लॅरिनेट व पियानो यांचेच काही छोटेसे. पुढे मांडो किंवा अभंग, आणि शेवटी रायनेके यांचा अखेरचा द्रुत भाग. सनईच्या सुरात वाढलेला डिचोलीचा श्रोता क्लॅरिनेटच्या संथ आलापाशी लवकर सलगी करील. त्या ओळखीच्या बळावर हॉर्नचा गंभीर, अपरिचित नादही तो ऐकून घेईल, आणि पुढच्या कार्यक्रमात चारही भाग सलग ऐकावयास बसेल.