दुखऱ्या पायाला हवी मापाची हालचाल

आजार हत्तीच्या पायी येतो आणि मुंगीच्या पायी जातो, असे आपण म्हणतो. गुडघ्याचे आणि टाचेचे दुखणे मात्र या म्हणीला अपवाद आहे. ते येतानाच मुंगीच्या पावलाने येते. आधी जिना उतरताना गुडघा जरासा बोलतो, मग मांडी घालून बसले की उठताना हात टेकावा लागतो. एक दिवस सकाळी बाजेवरून पाय खाली ठेवला की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. तोवर वर्ष-दोन वर्षे निघून गेलेली असतात. आपण मनाशी म्हणतो, चालायचेच, वय झाले!

वाचकहो, आजच्या भाषणाचा विषय हेच 'चालायचेच' आहे. मी डॉक्टर नाही, अध्यापक आहे. परंतु आमच्या जिंतूर तालुक्यात ज्या घरी जावे त्या घरी कोणी ना कोणी गुडघ्याला हात लावून बसलेले दिसते. म्हणून या विषयातील जाणत्यांनी काय शोधून काढले आहे ते समजून घ्यावे आणि साध्या भाषेत आपल्यापुढे ठेवावे, एवढाच माझा हेतू आहे.

हे दुखणे किती घरांत आहे? पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठिंब्याने अनेक देशांत अशा पाहण्या होत होत्या, त्यांतलीच ही एक. चार हजारांवर प्रौढ माणसे तपासली, तेव्हा शंभरांत सुमारे अठरा जणांना सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे आढळले. गुडघा आणि कंबर यांची तक्रार सर्वांत पुढे. भिगवण हे आपल्यासारखेच शेतीवर जगणारे गाव. तेव्हा गुडघेदुखी हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा रोग, ही समजूत सोडून द्यावी. शेतात राबणाऱ्याचेही गुडघे दुखतात.

आणि का दुखू नयेत? आपल्याकडची कामेच पाहा ना! खुरपणी उकिडवे बसून करायची. कापूस वेचायचा तो दिवसभर कमरेत वाकून, पोटाशी ओझे बांधून. डोक्यावर घागर किंवा चाऱ्याचा भारा घेऊन ढेकळांतून चालायचे. घरी आले की चूल, शौच, जेवण, सगळे जमिनीलगत. शिक्षक बंधुभगिनींचे तर विचारूच नका. शहाबादी फरशीवर सलग पाच-सहा तास उभे राहायचे, आणि पायात सपाट, झिजलेली चप्पल.

पाय दुखू लागला की आपण दोन टोके गाठतो. काही जण दुखणे अंगावर काढून तसेच राबतात. दुसरे बाज धरतात. घरचेही मायेने म्हणतात, "आजी, तुम्ही आता उठूच नका, पाणीसुद्धा हातात देतो." या दोन्ही टोकांनी पाय बिघडतो. दुसऱ्या टोकाने कसा बिघडतो, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. म्हणून ते आधी पाहू.

आपण सांध्याला बैलगाडीच्या चाकाची उपमा देतो. वंगण संपले, चाक झिजले, आता गाडी उभी करा. उपमा चांगली आहे, पण अर्धीच खरी आहे. चाक फिरले की झिजते, उभे राहिले की वाचते. सांध्याचे तसे नाही. दोन हाडे जिथे भेटतात तिथे त्यांच्या टोकांवर गुळगुळीत, लवचिक अस्तर असते. त्याला कूर्चा म्हणतात. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग तिचे पोषण कसे होते? सांध्यात जो पातळ, बुळबुळीत रस असतो त्यातून. ओले फडके पिळले की पाणी बाहेर येते, सोडून पुन्हा बुडवले की ते पाणी पिते. तसेच पाऊल टेकले की कूर्चा दाबली जाते, उचलले की ती रस ओढून घेते. म्हणजे हालचाल हेच तिचे जेवण. बाजेवर बसवून ठेवलेल्या गुडघ्याची आपण उपासमार करतो.

दुसरे कारण स्नायूंचे. गुडघ्याला आधार मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूचा. पाऊल पडताना बसणारा धक्का तो झेलतो. पाय वापरला नाही की हा स्नायू काही आठवड्यांतच बारीक होऊ लागतो. मग सगळा धक्का सांध्यावर येतो, दुखणे वाढते, वाढले म्हणून माणूस आणखी बसतो. हे रहाटगाडगे कुठेतरी थांबवावे लागते. ते थांबवण्याचे साधन म्हणजे मापाचा व्यायाम.

झिजलेली कूर्चा व्यायामाने पुन्हा उगवत नाही. तसे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. परंतु स्नायू बळकट झाला की तोच सांधा कमी दुखतो आणि जास्त काम देतो, हे जगभर पुनःपुन्हा दिसून आले आहे.

आता प्रत्यक्ष व्यायाम सांगतो. यांना पैसा लागत नाही. भिंत, खुर्ची, पंचा आणि पाण्याची गोल बाटली एवढे सामान पुरे.

पहिला व्यायाम गुडघ्याचा. पाय लांब करून बसा. पंच्याची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. मांडी घट्ट झालेली हाताला कळेल. पाच अंक मोजा, सोडा. असे दहा वेळा, मग दुसरा पाय.

दुसरा. उताणे निजा. एक गुडघा दुमडून ठेवा, दुसरा पाय ताठ ठेवून वीतभर वर उचला. पाच मोजा, सावकाश खाली आणा. हाही दहा वेळा. श्वास कोंडू नये, अंक मोठ्याने मोजावेत म्हणजे तो आपोआप चालू राहतो.

तिसरा. घट्ट पायांच्या खुर्चीवर बसा आणि सावकाश उभे राहा, सावकाश बसा. आरंभी हाताचा आधार घ्यावा. पाच वेळांपासून सुरुवात करावी. खुर्ची भिंतीला टेकलेली असावी, बरं का!

टाचेच्या दुखण्याचे थोडे वेगळे आहे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक चिवट पट्टा असतो. धनुष्याच्या दोरीसारखा तो तळव्याची कमान ताणून धरतो. फार उभे राहून, कडक जमिनीवर चालून हा पट्टा टाचेपाशी दुखावतो. रात्री तो आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. सकाळची ती कळ याचीच. म्हणून पहिले पाऊल टाकण्यापूर्वीच त्याला जागे करावे. बाजेवर बसूनच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हाताने पायाची बोटे नडगीकडे ओढा. तळव्यात ताण जाणवला पाहिजे. दहा मोजा, सोडा, असे दहा वेळा करा आणि मग उठा.

पोटरी आखडलेली असली तरी टाच दुखते. भिंतीला दोन्ही हात लावून उभे राहा. दुखरा पाय मागे, गुडघा ताठ, टाच जमिनीला चिकटलेली. पुढचा गुडघा वाकवत भिंतीकडे झुका. पोटरी ताणली की तीस अंक मोजा, तीन वेळा. संध्याकाळी बसल्या बसल्या पाण्याची बाटली तळव्याखाली पुढेमागे फिरवावी, तीही सोय चांगली. टाचेचे दुखणे चिवट असते. पुष्कळांचे ते अशा साध्या उपायांनी वर्षभरात बरे होते, पण धीर सोडता कामा नये.

याखेरीज चालणे. सपाट रस्त्यावर दहा मिनिटांपासून सुरुवात करा. तेवढेही जमत नसेल तर पाच-पाच मिनिटे दोनदा चाला. दर आठवड्याला थोडे वाढवा. नेमगिरीचा डोंगर पहिल्याच आठवड्यात चढायला जाऊ नका!

माप कसे ओळखायचे? नियम सोपा आहे. व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नये. परंतु व्यायामानंतर दोन तासांहून अधिक वेळ दुखणे वाढलेलेच राहिले, किंवा दुसऱ्या दिवशी सांधा सुजला, तर माप जास्त झाले. पुढच्या वेळी निम्मे करा, पण बंद करू नका. गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. बी पेरले की दुसऱ्या दिवशी उकरून पाहत नाहीत, तसेच हे.

आता कामाच्या रीतीविषयी. खुरपताना उकिडवे बसण्याऐवजी लहानसा पाट किंवा ठेंगणे स्टूल घ्यावे आणि अर्ध्या तासाने उठून चार पावले फिरावे. कापसाचे ओझे थोडे जमले की बांधावर रिकामे करावे. परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी स्त्रियांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर काम झालेले आहे, त्यांची चौकशी गावाने जरूर करावी. शौचाला शक्य तर उंच बैठक करावी. टाच दुखत असेल तर घरातही अनवाणी फिरू नये. चप्पल मऊ, टाचेला थोडी जाड असावी. काठीची लाज बाळगू नये. पण ती धरायची कोणत्या हातात? पुष्कळजण दुखऱ्या बाजूलाच धरतात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी आणि ती उजव्या पावलाबरोबर पुढे पडली पाहिजे. वजन जास्त असेल तर एक किलो उतरले तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

शेक घ्यायचा तर गरम पाण्याचा किंवा वाळूच्या पुरचुंडीचा घ्यावा, आधी कोपराने ऊब पाहून. मात्र सांधा लाल आणि गरम असेल तर शेकू नये. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झाली असेल तर मुळीच शेकू नये. चटका बसल्याचे कळत नाही आणि जखम चिघळते.

सगळीच सांधेदुखी मात्र एक नव्हे. गावात सर्वांनाच 'वात' म्हणतात, त्यात घोटाळा होतो. 2006 साली महाराष्ट्रात चिकुनगुनियाची मोठी साथ आली, मराठवाड्यातही तिने माणसे आडवी केली. ताप गेला पण सांधे कित्येक महिने धरून राहिले. हा शब्द आफ्रिकेतील मकोंदे भाषेतला, दुखण्याने माणूस वाकून जातो या अर्थाचा. 1952 च्या सुमारास आजच्या टांझानियात हा रोग प्रथम ओळखला गेला. अशा दुखण्यालाही तापाचा भर ओसरल्यावर हलकी हालचाल उपयोगी पडते. आमवाताचे मात्र वेगळे. सकाळी दोन्ही हातांची लहान बोटे सुजून तासभर आखडलेली राहत असतील तर घरच्या व्यायामावर विसंबू नये. या रोगावर चांगली औषधे आहेत, पण ती लवकर सुरू केली तरच सांधे वाचतात. तसेच सांधा लाल होऊन ताप येणे, पडल्यानंतर पायावर भार न देता येणे, एकच पोटरी अचानक सुजणे, पाय बधिर होणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे.

आणखी एक इशारा. दुकानातून रोज वेदनाशामक गोळी आणून खाण्याची सवय फार वाढली आहे. या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात, रक्तदाब वाढतो. नाव-गाव नसलेल्या पुड्यांपासून तर चार हात दूर राहावे. त्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते. चार दिवसांत चमत्कार वाटतो, पण पुढे हाडे ठिसूळ होतात. गोळी डॉक्टरांनी सांगितली तर जरूर घ्यावी, पण त्यांनी सांगितले तितकेच दिवस.

व्यायामाने उपचार करण्याचे हे शास्त्र आपल्याकडे आजचे नाही. पोलिओने पांगळ्या झालेल्या मुलांच्या गरजेतून 1950 च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने त्याचे शिक्षण सुरू झाले. त्याला फिजिओथेरपी म्हणतात. 'मशीनचा शेक' एवढाच तिचा अर्थ नव्हे. कोणता स्नायू दुबळा आहे हे पाहून नेमका व्यायाम शिकवणे, हे त्या तज्ज्ञाचे खरे काम. जिल्ह्याला कामासाठी जाल तेव्हा एकदा त्याला पाय दाखवा, व्यायाम शिकून या आणि घरी चालू ठेवा.

शिक्षक मित्रांना शेवटी एक विनंती आहे. कवायतीच्या तासाला यांतले दोन-तीन व्यायाम मुलांना शिकवा आणि घरी आजी-आजोबांकडून करून घेण्याचा गृहपाठ द्या. नातवाने मोजलेले दहा अंक आजी टाळणार नाही. तिला पाण्याचा तांब्या हातात देण्यापेक्षा हात धरून माठापर्यंत चालवणे, ही तिची अधिक मोठी सेवा आहे.