अध्ययन निष्पत्ती आणि निकाल

अध्ययन निष्पत्ती (अभ्यासक्रम संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता यावे, याचे विधान) आणि परीक्षेचा निकाल यांची अनेकदा गल्लत होते. दिलेल्या भारासाठी तुळईचे आरेखन करता येणे ही स्थापत्य अभियांत्रिकीतील एक निष्पत्ती. ती मोजायची तर कोणता प्रश्न कोणती क्षमता तपासतो, हे आधीच ठरवावे लागते. नुसत्या ६० गुणांवरून आरेखन जमते की नाही, हे कळत नाही; ते गुण व्याख्या पाठ करूनही मिळालेले असू शकतात.

अंगणवाडीत बाळाचे वजन दर महिन्याला तक्त्यावर मांडतात, कारण पाहायची असते ती वाढ. तसेच प्रवेशाच्या वेळची आणि पदवीच्या वेळची क्षमता शेजारी ठेवली, तरच विद्यापीठाने घातलेली भर दिसते. निवडक हुशार मुले घेणाऱ्या संस्थेचा निकाल चांगला लागणारच.

राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचे (अभियांत्रिकी पदव्यांची समकक्षता मानणारा आंतरराष्ट्रीय करार) कायम सदस्य झाले. मंडळाच्या मूल्यांकनात संस्थांना निष्पत्ती मोजून दाखवाव्या लागतात. पालकांपुढे येतात ते मात्र बहुधा राष्ट्रीय क्रमवारीतले आकडे: किती विद्यार्थी वेळेत पदवीधर झाले, त्यांचा मध्यक पगार किती. हे आकडे उपयोगी आहेत, पण पगार नोकऱ्यांच्या बाजारावरही ठरतो. त्यावरून शिकणे मोजता येत नाही.