उजेड जपा, सावली मागाहून उजळता येते

दिवाळीत घरोघरी कॅमेरे बाहेर निघतात आणि एक तक्रार हमखास ऐकू येते: अंगणातली रांगोळी झकास आली, पण ओसरीतली माणसे काळी पडली! आमच्या पिपरी मेघेत तर ऊन इतके लख्ख, की ही अडचण रोजचीच.

येथून जवळच, सेवाग्रामला, कनू गांधींनी बापूंची छायाचित्रे काढली ती तीन अटी पाळून: फ्लॅश नको, बापूंना ‘असे बसा’ म्हणायचे नाही आणि आश्रमाचा पैसा नाही. कुटीत येईल त्या उजेडावरच सारी भिस्त! त्या काळच्या फिल्मवर सावलीला प्रकाश कमी पडला, की तेथे काहीच उमटत नसे.

डिजिटल कॅमेऱ्याचे गणित उलटे. येथे जे पांढरेफटक झाले ते पुन्हा सापडत नाही. अंधारातले मात्र बरेचसे परत मिळते. जेपेगमध्ये दर रंगाच्या २५६ पायऱ्या, तर १४ बिटांच्या रॉ फाइलीत तब्बल १६,३८४. म्हणून मी एक्स्पोजर उन्हावर बेततो आणि मागाहून संगणकावर ‘शॅडोज’ची पट्टी हलक्या हाताने सरकवतो. फार हाव धरली तर काळ्या भागात रंगीत कण उठतात आणि चेहरा राखेसारखा दिसतो.

माझी आई आता नव्वदीला टेकली आहे. तिच्या सुरकुत्या ओळखू येऊ लागल्या, की मी थांबतो. मागच्या माजघराचा अंधार तसाच राहू देतो; नातवंडांना तिच्याबरोबर तिचे घरही आठवले पाहिजे ना!