घडी पक्की करणारी विकरे

1991 साली हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये जॉन बेकविथ यांच्या प्रयोगशाळेत शोध चालला होता तो भलत्याच गोष्टीचा. ई. कोलाय या जिवाणूच्या पटलात प्रथिने कशी रोवली जातात, हे पाहायचे होते. त्यासाठी पटलातल्या एका प्रथिनाला बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर जोडले होते. ते पटलापाशी अडकून निकामी व्हायचे. काही उत्परिवर्तित जिवाणूंत मात्र ते चक्क काम करू लागले! जेम्स बार्डवेल आणि सहकाऱ्यांनी छडा लावला, तेव्हा या जिवाणूंत एक जनुक बिघडलेले निघाले. त्या जनुकाचे विकर एरवी अडकलेल्या प्रथिनात नको तिथे गंधकाचे बंध घालत होते. त्याचे नाव डीएसबी-ए.

प्रथिनाच्या साखळीत सिस्टीन नावाची अमिनो आम्ले असतात आणि त्यांच्यात गंधक असते. कापडाची घडी सुटू नये म्हणून टाका घालावा, तसे दोन सिस्टीनांचे गंधक जुळले की प्रथिनाची घडी पक्की होते. हाच डायसल्फाइड बंध. तो जुळताना दोन इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात. हवेतला ऑक्सिजन ते काम करतो खरा, पण फार सावकाश. वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकणाऱ्या जिवाणूला तेवढा धीर कुठला?

डीएसबी-ए असते ते दोन पटलांमधल्या पोकळीत. स्वतःजवळचा तयार बंध ते नव्या प्रथिनाला देते आणि बदल्यात दोन इलेक्ट्रॉन घेते. हे इलेक्ट्रॉन आतल्या पटलातले डीएसबी-बी काढून घेते आणि युबिक्विनोन या इलेक्ट्रॉनवाहक रेणूकडे सोपवते. तिथून ते श्वसनसाखळीतून ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात. प्रथिनाची घडी आणि जिवाणूचा श्वास असे एकाच धाग्यात ओवलेले आहेत, हे मला या साऱ्या यंत्रणेत सर्वांत विलक्षण वाटते.

घाईत चुकाही होतात. आठ सिस्टीनांच्या चार जोड्या 105 प्रकारे लागू शकतात आणि त्यांतला एकच प्रकार बरोबर असतो. चुकीचे बंध सोडवून नीट जुळवायचे काम डीएसबी-सी करते. त्यासाठी त्याला इलेक्ट्रॉन लागतात. ते डीएसबी-डी पेशीच्या आतून आणून देते. एकाच पोकळीत बंध घालणारी आणि सोडवणारी अशा दोन उलट्या वाटा शेजारी शेजारी चालतात, तरी एकमेकींत मिसळत नाहीत.

प्रयोगशाळेत डीएसबी-एवाचून ई. कोलाय जगतो, पण त्याला पोहण्याची शेपटी धड बांधता येत नाही. कॉलऱ्याच्या जिवाणूचे विषही अशाच विकरावाचून नीट घडत नाही. म्हणजे हे विकर अडवले, तर जिवाणू मरणार नाही, पण निःशस्त्र होईल. तसे करू शकणारे रेणू प्रयोगशाळांत सापडले आहेत, पण त्यांचे औषध व्हायचे आहे. प्रतिजैविकांना जिवाणू दाद देईनासे झाले असताना या वाटेवर पैसा आणि माणसे लावायलाच हवीत.