झोळी घेऊन विमानातून

कंपनी बुडायला आली की साहेब लोकांच्या सवलतींचा विषय निघतो. तेव्हा कुणीतरी म्हणतंच, एवढ्या मोठ्या हिशेबात विमानाचा खर्च तो काय! मला हे पटत नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेतल्या जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या मोटार कंपन्यांचे प्रमुख सरकारी मदत मागायला वॉशिंग्टनला आले. मागणी २५ अब्ज डॉलरची. आले कसे, तर प्रत्येक जण वेगळ्या खासगी विमानानं! खासदार ब्रॅड शेरमन यांनी विचारलं, साध्या प्रवासी विमानानं कोण आलं, हात वर करा. एकही हात वर झाला नाही. दुसरे खासदार गॅरी ॲकरमन यांना तर ते अन्नछत्राच्या रांगेत उंची सूट घालून उभं राहिल्यासारखं वाटलं.

२५ अब्ज म्हणजे किती, तुम्हाआम्हाला कुठं कळतंय? विमान मात्र कळतं. आपल्याकडे कर्ज काढणारा आधी घरातलं सोनं तारण ठेवतो, ते अंगावर मिरवत बँकेत जात नाही.

डिसेंबरात तिघेही डेट्रॉइटहून मोटारीनं आले. जनरल मोटर्सचे रिक वॅगनर वर्षाला एक डॉलर पगारावर तयार झाले. तिघांची मागणी मात्र ३४ अब्जांपर्यंत चढली होती!

फोर्डनं अखेर ते कर्ज घेतलं नाही. बाकी दोघींना १७.४ अब्ज मंजूर झाले. खासगी विमानं काढून टाका, ही त्यातली एक अट. कामगारांची मजुरी परदेशी कंपन्यांच्या अमेरिकेतल्या कारखान्यांच्या बरोबरीला आणायची, हेही त्याच कागदात होतं. बरोबरीला म्हणजे खाली.